मेदपेशीची जन्मकथा

(नभोवाणीवरील भाषण)

मेद किंवा चरबी हा आपल्या घरोघरीं बहुधा थट्टेचा, नाहीं तर उपदेशाचा विषय असतो. एखादा गृहस्थ अंगानें सुटला, कीं ‘खाल्लेलें अंगीं लागलें’ असें आपण म्हणतों, आणि त्या एका वाक्यांत त्याच्या शरीराची सारी मीमांसा आटोपली असें समजतों. त्या वाक्यामागें एक कल्पना दडलेली असते. शरीर म्हणजे एक पोतें. त्यांत अधिक पडलें कीं तें फुगतें, कमी पडलें कीं तें सैल होतें. आणि फुगण्याचा सगळा दोष पोत्याच्या मालकाकडे. आपल्या जुन्या वैद्यकानें मेदाला सप्तधातूंच्या पंक्तींत बसविलें होतें हें खरें. पण लोकव्यवहारांत त्याला धातूचा मान कधीं मिळाला नाहीं.

पश्चिमेकडील विज्ञानांतही दीर्घकाळ फारशी निराळी स्थिति नव्हती. या पोत्याच्या कल्पनेला तडा कसा गेला, याची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें. तींत राजेरजवाडे नाहींत, लढाया नाहींत. तींत प्रयोगशाळेंतल्या बशा आहेत, उंदराच्या पेशी आहेत, वासराचें आणि मांजराचें रक्त आहे, आणि एक साधा प्रश्न आहे. मेदपेशी ही चरबी भरल्यामुळें होते, कीं चरबी भरण्यासाठीं ती आधीं घडावी लागते?

खेड्यांतल्या घराचा दाखला घेऊं. सुगीनंतर धान्य घरीं येतें आणि कणगींत भरलें जातें. भरलेली कणगी पाहिली कीं यंदा पीक बरें आलें हें पाहुण्याला कळतें. पण कणगी कांहीं धान्यापासून होत नाहीं. ती कोणीतरी आधीं विणावी लागते, शेणामातीनें लिंपावी लागते. नुसतें धान्य ओसरीवर ओतलें तर त्याची रास होईल, कणगी होणार नाहीं. आपल्या विषयांत चरबी म्हणजे धान्य आणि मेदपेशी म्हणजे कणगी. धान्याची चौकशी आहारशास्त्रानें पुष्कळ केली. कणगी कोण विणतो, हें मात्र बराच काळ कोणी विचारलें नाहीं.

अगदींच कोणी विचारलें नाहीं असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. १८७० च्या सुमारास कार्ल टोल्ट या शरीररचनाशास्त्रज्ञानें असें प्रतिपादन केलें होतें, कीं मेद हें एक स्वतंत्र इंद्रिय आहे आणि त्याच्या पेशींची जातच वेगळी आहे. पेशीविभाजनाच्या अभ्यासानें पुढें कीर्ति पावलेल्या वाल्टर फ्लेमिंगचें मत याच्या उलट होतें. इंद्रियांना एकमेकांशीं जोडणाऱ्या संयोजक ऊतकांतल्या साध्या पेशीच चरबीनें भरतात आणि त्यांना आपण मेदपेशी म्हणतों, असें तो म्हणे. दोघेही विद्वान होते आणि दोघेही सूक्ष्मदर्शकाखालीं मृत ऊतकाच्या चकत्या पाहत होते. मृत चकतींत एक क्षण तेवढा गोठलेला दिसतो. कालची साधी पेशी आजची मेदपेशी कशी झाली, हें तींत दिसत नाहीं. त्यामुळें वाद तसाच राहिला.

मेदाचा साठा निपचित पडून राहतो ही समजूत मात्र १९३५ सालीं ढळली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत रूडोल्फ शोएनहायमर आणि डेव्हिड रिटेनबर्ग यांनीं जड हायड्रोजनची खूण केलेली चरबी उंदरांना खाऊं घातली. खाल्लेली चरबी ताबडतोब जळते आणि साठ्याला अडचणीच्या वेळींच हात लागतो, अशी तोंवर कल्पना होती. प्रत्यक्षांत खुणेची बरीचशी चरबी आधीं साठ्यांत गेलेली आढळली. म्हणजे कोठारांत रोज भर पडते आणि रोज उपसाही होतो. तरीही १९४० सालीं शिकागोचे विकृतिशास्त्रज्ञ गिडियन वेल्स यांनीं मेद-ऊतकावर लेख लिहिला, तेव्हां त्याला उपेक्षित विषय असें त्यांना मथळ्यांतच म्हणावें लागलें.

टोल्ट आणि फ्लेमिंग यांचा वाद मिटण्यासाठीं पेशी जिवंतपणीं आणि शरीराबाहेर पाहतां यायला हवी होती. ही कला दुसऱ्याच कारणांसाठीं जन्मास आली. १९०७ सालीं अमेरिकेंत रॉस हॅरिसन यांनीं बेडकाच्या गर्भांतील चेता-ऊतकाचा तुकडा लसीकेच्या थेंबांत ठेवला आणि त्यांतून तंतु फुटतांना डोळ्यांनीं पाहिले. १९१२ सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत अलेक्सी कारेल यांनीं कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा तुकडा रक्तद्रव आणि गर्भरस यांवर वाढविण्यास आरंभ केला. तो प्रयोग १९४६ पर्यंत चालू होता. त्यांतील पेशी अमर असल्याचा दावा पुढें टिकला नाहीं. पण शरीराबाहेर पेशी पोसतां येतात एवढें निश्चित झालें.

मग प्रश्न आला तो खाद्याचा. १९५५ च्या सुमारास हॅरी ईगल यांनीं पेशीला काय काय लागतें याची व्यवस्थित यादी केली. १३ अमिनो आम्लें, कांहीं जीवनसत्त्वें, क्षार आणि साखर. यादी सुरेख होती, पण एक वस्तु तींत बसेना. थोडें रक्तजल घातल्यावांचून बहुतेक पेशी वाढत नसत.

हें रक्तजल म्हणजे काय? रक्त भांड्यांत गोठूं दिलें म्हणजे लाल गोळा आकसतो आणि फिकट पिवळें पाणी वेगळें होतें. त्यालाच सीरम म्हणतात. आपण रक्तजल म्हणूं. दिसायला तें पाणी, पण त्यांत शेंकडों प्रकारचीं प्रथिनें, संप्रेरकें, क्षार आणि स्निग्ध द्रव्यें असतात. संप्रेरकें म्हणजे हॉर्मोन्स. एका ग्रंथींत तयार होऊन दूरच्या इंद्रियाला कामास लावणारीं द्रव्यें. शरीराच्या एका भागानें दुसऱ्या भागाला धाडलेलें टपालच या पाण्यांतून वाहत असतें. गर्भांतील वासराचें रक्तजल पेशींना विशेष मानवतें असें दिसून आल्यावर १९५८ नंतर तें प्रयोगशाळांतून रूढ झालें. आजीचा काढा घरांत जसा घटकांची चौकशी न करतां घेतला जातो, तसें हें रक्तजल वापरलें जाई. पेशी वाढतात ना, मग झालें!

आतां या कथेंतले मुख्य पुरुष येतात. हॉवर्ड ग्रीन हे मूळचे कॅनडांतील टोरोंटोचे. १९६३ सालीं न्यूयॉर्क विद्यापीठांत त्यांनीं आणि जॉर्ज टोडारो यांनीं स्विस जातीच्या उंदराच्या गर्भापासून पेशींचा एक वंश सिद्ध केला. दर ३ दिवसांनीं नव्या बशींत बदली आणि प्रत्येक वेळीं ३ लक्ष पेशी, या नियमावरून त्याला ‘थ्री-टी-थ्री’ असें नांव पडलें. या पेशी मोठ्या शिस्तीच्या होत्या. बशीचा तळ एका थरानें भरला कीं त्या वाढ थांबवीत आणि विसावत.

अशा विसावलेल्या बशा बरेच दिवस ठेवल्या म्हणजे मधूनच एखाद्या ठिकाणीं कांहीं पेशींत चकचकीत थेंब दिसत. ते चरबीचे थेंब होते. पेशींत चरबी दिसणें हें ऱ्हासाचें लक्षण असावें, असा संशय कोणासही आला असता. दुखावलेल्या यकृताच्या पेशींतही असे थेंब दिसतातच. ग्रीन यांनीं मात्र त्या थेंबांचा पाठपुरावा केला. ते आतां मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत प्राध्यापक होते. मार्क म्यूथ यांच्या साह्यानें त्यांनीं अशा पेशी निवडून त्यांची संतति वेगळी वाढविली, आणि १९७४ सालीं ‘थ्री-टी-थ्री एल-वन’ हा वंश जाहीर केला. पुढें त्याच्याच जोडीला ‘एफ-४४२-ए’ हा दुसरा वंश आला. हे दोन्ही वंश जगभर गेले. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहांतूनही एल-वन वंशाच्या पेशी भारतांतील प्रयोगशाळांना मिळत आल्या आहेत.

या पेशींचें वर्तन पाहण्यासारखें होतें. वाढीच्या काळांत त्या लांबट आणि साध्या दिसत. संयोजक ऊतकांतल्या इतर पेशींहून त्यांना ओळखणें कठीण. विसावल्यानंतर त्या गोल होऊं लागत, त्यांत बारीक थेंब उमटत आणि ते थेंब एकमेकांत मिसळून मोठे होत. केवळ रूपच पालटत असे असें नव्हे. चरबी घडविण्यास लागणारीं विकरें पेशी नव्यानें तयार करूं लागे. ग्लिसरोफॉस्फेट डिहायड्रोजनेज या विकराची शक्ति तर शेंकडों पटींनीं वाढे. साध्या पेशीनें अशा रीतीनें विशिष्ट कामाचा पेशा पत्करणें, याला विभेदन म्हणतात. एकदां पेशा पत्करला कीं पेशी बहुधा माघारीं जात नाहीं.

१९७९ सालीं ग्रीन आणि त्यांचे सहकारी केहिंदे यांनीं या पेशी प्रतिकारशक्ति नसलेल्या उंदरांच्या कातडीखालीं टोचल्या. त्या ठिकाणीं खऱ्याखुऱ्या मेदाची गादी तयार झाली. त्यामुळें बशींत दिसलेली क्रिया हा कृत्रिम परिस्थितीचा खेळ नव्हता, हें सिद्ध झालें. टोल्ट आणि फ्लेमिंग यांच्या वादाचा निकालही असा लागला कीं दोघेही अर्धे बरोबर होते. मेदपेशी साध्या दिसणाऱ्या पेशींतूनच येते, हें फ्लेमिंगचें म्हणणें खरें. पण ती पेशी दिसायला साधी असली तरी तिची जात ठरलेली असते, हें टोल्टचेंही खरें.

तथापि मुख्य प्रश्न शिल्लक होता. पेशीला हा पेशा पत्करावयास सांगतें कोण?

गॉर्डन साटो हे कॅलिफोर्नियांतील शास्त्रज्ञ म्हणत होते, कीं रक्तजलांत पेशींना हवी असते ती शिधासामग्री नव्हे, हवीं असतात तीं संप्रेरकें. १९७६ सालीं हायाशी आणि साटो यांनीं रक्तजल अजिबात वगळून, त्याच्या जागीं मोजकीं संप्रेरकें आणि प्रथिनें घालून एक पेशीवंश वाढवून दाखविला. आजीच्या काढ्यांतलीं औषधें एकेक करून ओळखतां येतील, असा भरंवसा त्या प्रयोगानें आला.

१९७८ सालीं ग्रीन यांच्याकडे काम करणारे वालिद कुरी-हार्कुच यांनीं मेदपेशींच्या बाबतींत तोच प्रश्न हातीं घेतला, आणि त्यांच्या मदतीला आलें मांजर. मांजराच्या रक्तजलांत या पेशी वाढत, बशी भरत आणि विसावत. पण मेदपेशी मात्र होत नसत, झाल्या तरी अगदीं थोड्या. त्यांची उपासमार होत होती असें म्हणावें, तर साखर होती, अमिनो आम्लें होतीं, इन्सुलिनही दिलेलें होतें. कोठारांत भरावयाचें धान्य दाराशीं येऊन पडलें होतें. गर्भांतील वासराचें रक्तजल मिळालें कीं त्याच पेशी मेदपेशी होऊं लागत. कणगी विणावयास सांगणारा निरोप वासराच्या रक्तजलांत होता. मांजराच्या रक्तजलांत तो पोंचण्याइतका नव्हता.

या एका प्रयोगानें दोन गोष्टी वेगळ्या केल्या. पेशींची संख्या वाढणें ही एक, आणि वाढलेल्या पेशींनीं मेदपेशी होणें ही दुसरी. आणि त्यानें हेंही दाखविलें, कीं अन्न मुबलक असलें म्हणून मेदपेशी आपोआप होत नाहीं.

मग शोध सुरू झाला तो निरोप धाडणाऱ्याचा. मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी पिट्युइटरी ग्रंथि असते. तिच्या अर्कांत ही शक्ति भरपूर आढळली. त्या ग्रंथींतून अनेक संप्रेरकें निघतात. त्यांपैकीं नेमकें कोणतें? १९८२ सालीं मोरिकावा, निक्सन आणि ग्रीन यांनीं उत्तर प्रसिद्ध केलें. तें होतें वृद्धि-संप्रेरक. मुलांची उंची वाढविणारें प्रथिन. त्याची अत्यल्प मात्रा या पेशींना मेदपेशी करण्यास पुरेशी होती.

श्रोतेहो, हें उत्तर किती अनपेक्षित होतें पाहा. वृद्धि-संप्रेरक चरबी वितळवितें, हें वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक होतें. ज्या मुलांत तें कमी असतें तीं ठेंगणीं राहतात आणि गुबगुबीत दिसतात. तें टोचून दिलें म्हणजे उंची वाढते आणि चरबी उतरते. आणि तेंच द्रव्य मेदपेशीला जन्म देतें म्हणावयाचें! वरवर पाहतां हा विरोध आहे. परंतु आपला कणगीचा दाखला आठवा. कणगी विणणारा बुरूड वेगळा आणि ती भरणारा घरधनी वेगळा. बुरूडानें कणगी विणली म्हणून ती भरलीच पाहिजे असें नाहीं. वृद्धि-संप्रेरक पेशीला तिचा पेशा देतें; ती भरण्याचें काम प्रामुख्यानें इन्सुलिनचें. पूर्ण झालेल्या पेशींतून साठा बाहेर काढण्यास हेंच वृद्धि-संप्रेरक मदत करतें. एकाच निरोपाचा अर्थ, तो कोणत्या वयाच्या पेशीच्या हातीं पडतो यावर अवलंबून असतो.

या शोधाचा लाभ मेदाच्या अभ्यासापुरता राहिला नाहीं. १९५७ सालीं अमेरिकेंतील सेंट लुई येथें सॅल्मन आणि डॉगडे यांनीं दाखविलें होतें, कीं वृद्धि-संप्रेरक कूर्चेवर सरळ काम करीत नसावें. रक्तांत एक मध्यस्थ तयार होतो आणि तो कूर्चेला वाढवितो. हा मध्यस्थ म्हणजे पुढें ‘इन्सुलिनसदृश वृद्धिघटक’ या नांवानें ओळखलें गेलेलें प्रथिन. मग मुलांच्या हाडांना वाढवितो तो धनी कीं त्याचा कारभारी? १९८२ सालीं स्वीडनमधील संशोधकांनीं वृद्धि-संप्रेरक हाडाच्या वाढत्या टोंकाशीं थेट टोचलें आणि तेथेंच वाढ झालेली पाहिली. १९८५ सालीं ग्रीन, मोरिकावा आणि निक्सन यांनीं मेदपेशींच्या अनुभवावरून दोहोंचा मेळ घातला. वृद्धि-संप्रेरक अपक्व पेशीला विभेदनाच्या मार्गास लावतें. त्या मार्गाला लागलेली तरुण पेशी मग मध्यस्थाचें ऐकूं लागते आणि त्याच्या सांगण्यावरून तिची संख्या वाढते. पुढच्याच वर्षीं झेझुलॅक आणि ग्रीन यांनीं उंदराच्या पेशींत ही गोष्ट प्रत्यक्ष दाखविली. ज्या चरबीला आपण अडगळ म्हणतों, तिच्या पेशींनीं मूल उंच कसें होतें याचा धागा दाखवून दिला.

परंतु विज्ञानांत कोणतेंही उत्तर शेवटचें नसतें. रक्तजल हें एका निरोपाचें पाकीट नव्हे. तें टपालाचें पोतें आहे. एल-वन वंशाच्या पेशींना विभेदनासाठीं इन्सुलिनसदृश वृद्धिघटक अत्यावश्यक आहे असें १९८८ सालीं दिसून आलें. इन्सुलिनची मोठी मात्रा त्यांना चालते, ती त्या मध्यस्थाचें सोंग घेऊन. फ्रान्समध्यें नीस येथें एल्हो यांच्या गटानें लठ्ठ उंदराच्या मेदापासून वेगळा पेशीवंश मिळविला होता. गर्भांतील वासराच्या रक्तजलांत विपुल आणि प्रौढ गुरांत थोडें असणारें फेट्युइन नांवाचें प्रथिन त्या वंशाच्या वाढीवर आणि विभेदनावर परिणाम करतें, असें त्यांना १९८५ मध्यें आढळलें. हें प्रथिन स्वीडनचे पेडरसन यांनीं १९४४ सालींच वेगळें काढलें होतें. तेव्हां त्याचा मेदाशीं कांहीं संबंध असेल असें कोणाच्या मनांत आलें नसेल. आणि त्याच १९८५ सालीं इग्नोट्झ आणि मासागे यांनीं दाखविलें, कीं रक्तांतील बिंबिकांत सांठलेलें एक वृद्धिघटक प्रथिन उंदराच्या पेशींना मेदपेशी होऊं देत नाहीं. म्हणजे रक्त गोठून झालेल्या एकाच रक्तजलांत ‘बांध’ म्हणणारें पत्रही असतें आणि ‘थांब’ म्हणणारेंही.

आणखी एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. उंदराच्या वंशांत जें दिसलें तें माणसांत तसेंच्या तसें आढळत नाहीं. १९८९ सालीं जर्मनींतील हाउनर आणि सहकारी यांनीं माणसाच्या मेदांतील अपक्व पेशी रक्तजलावांचून मेदपेशी करून दाखविल्या. तेथें अधिवृक्क ग्रंथीच्या कॉर्टिसोल वर्गांतील संप्रेरकाचें महत्त्व मोठें ठरलें. आणि पुढील प्रयोगांत वृद्धि-संप्रेरक अशा पेशींना प्रोत्साहन देण्याऐवजीं आवरतें असेंच दिसलें. उंदराचा बुरूड आणि माणसाचा बुरूड एकच नव्हे. पण बुरूड लागतो, ही गोष्ट दोन्हीकडे खरी.

निरोप बाहेरून आला तरी तो वाचून अंमलांत आणणारा पेशीच्या आंत कोणी असावा लागतो. १९९४ सालीं बोस्टनमध्यें टॉन्टोनोझ आणि स्पीगेलमन यांनीं ‘पीपार-गॅमा’ या प्रथिनाची करामत दाखविली. हें एक प्रथिन साध्या पेशींत घातलें आणि त्याला चेतविणारें द्रव्य दिलें, कीं त्या मेदपेशी होत. दुसऱ्याच वर्षीं कळलें, कीं मधुमेहावरील ग्लिटाझोन वर्गांतील औषधें याच प्रथिनाला चेतवितात. त्यांतील पायोग्लिटाझोन हें औषध घेणाऱ्या रोग्याचें वजन थोडें वाढतें, आणि तरीही त्याच्या रक्तांतील साखर उतरते. पोत्याच्या कल्पनेला हें कोडें उलगडत नाहीं. कणगीच्या कल्पनेनें तें सहज उलगडतें. नव्या कणग्या झाल्या कीं ओसरीवर पडलेलें धान्य आंत जातें.

आणि कणग्याच नसल्या तर? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेंत १९९८ सालीं असे उंदीर तयार करण्यांत आले, कीं ज्यांना मेद जवळजवळ नव्हताच. पोत्याच्या हिशेबानें ते अत्यंत निरोगी असावयास हवे होते. प्रत्यक्षांत त्यांचें यकृत चरबीनें भरलें आणि त्यांना तीव्र मधुमेह जडला. २००० सालीं त्यांच्या कातडीखालीं निरोगी उंदराचा मेद बसविला, तेव्हां तो मधुमेह हटला. जन्मतः मेद नसलेल्या माणसांच्या दुर्मिळ रोगांतही असाच मधुमेह दिसतो. चरबी नसणें हें चरबी अतोनात असण्याइतकेंच घातक ठरूं शकतें.

या कथेला एक सुंदर वळण आहे. रक्तजलांतल्या प्रथिनांनीं जी पेशी घडविली, ती पेशी स्वतःच रक्तजलांत प्रथिनें सोडते असें पुढें कळलें. १९८७ सालीं स्पीगेलमन यांच्या गटानें मेदपेशींतून रक्तांत जाणारें ॲडिप्सिन शोधलें. १९९४ सालीं जेफ्री फ्रीडमन यांनीं लेप्टिन शोधलें. साठा किती आहे हें तें मेंदूला कळवितें. १९९५ सालीं शेरर आणि लोडिश यांच्या गटाला आपल्या ओळखीच्या एल-वन पेशींतच ॲडिपोनेक्टिन सांपडलें. तें अंगानें सुटलेल्या माणसांत उलट कमी असतें. म्हणजे मेद हा टपालाचा केवळ स्वीकार करीत नाहीं, तो उत्तरेंही धाडतो. टोल्टनें १८७० च्या सुमारास त्याला इंद्रिय म्हटलें होतें, तो मान त्याला शतकाहून अधिक काळानें मिळाला.

शेवटीं एक गोष्ट सांगितल्यावांचून हा इतिहास प्रामाणिक होणार नाहीं. ज्या रक्तजलानें हें सगळें ज्ञान दिलें तें कत्तलखान्यांतून येतें. गाभण गाय कापली जाते, तेव्हां तिच्या पोटांतील वासराच्या हृदयांतून तें काढतात. ज्ञानाची ही किंमत लहान नाहीं, आणि ती देतांना देणाऱ्याला विचारलें गेलेलें नाहीं. म्हणूनच रक्तजलांतील प्रथिनें एकेक करून ओळखण्याच्या उद्योगाकडे मी केवळ कुतूहल म्हणून पाहत नाहीं. काढ्यांत काय आहे हें नेमकें कळलें, कीं काढा उकळावा लागत नाहीं. साटो यांनीं १९७६ सालीं आणि हाउनर यांनीं १९८९ सालीं दाखविलेला रक्तजलविरहित संवर्धनाचा मार्ग आज अनेक प्रयोगशाळांनीं धरला आहे. पण कत्तलखान्यांतून येणारें रक्तजल अद्याप थांबलेलें नाहीं.

हॉवर्ड ग्रीन २०१५ सालीं वारले. त्याच पेशीसंवर्धनाच्या विद्येनें त्यांनीं १९८३ सालीं सर्वांग भाजलेल्या दोन मुलांना त्यांच्याच कातडीच्या लहानशा तुकड्यापासून वाढविलेली त्वचा दिली आणि तीं मुलें वांचलीं. त्या कामांतही केहिंदे त्यांच्याबरोबर होते. चकचकीत थेंबांकडे पाहणारी दृष्टि आणि भाजलेल्या मुलांना वांचविणारी दृष्टि एकाच माणसाची होती. पेशीला कोणता निरोप हवा आहे, हें दोन्हीकडे त्यांनीं धीरानें विचारलें.

प्रौढ माणसाच्या मेदपेशींपैकीं सुमारें दहा टक्के दरवर्षीं मरतात आणि तेवढ्याच नव्या जन्मतात, असें स्टॉकहोमच्या संशोधकांनीं २००८ सालीं दाखविलें. बॉम्बचांचण्यांनीं हवेंत सोडलेल्या किरणोत्सर्गी कार्बनवरून त्यांनीं पेशींचें वय मोजलें. पेशींची संख्या बाल्यांत आणि कुमारवयांत ठरते. पुढें माणूस वाळला तरी ती संख्या फारशी घटत नाहीं. म्हणजे या क्षणींही, हें भाषण ऐकत असतां, आपल्या प्रत्येकाच्या शरीरांत रक्तांतून निरोप जात आहेत आणि कोठेंतरी एखादी साधी पेशी आपला पेशा पत्करीत आहे. तिला तसें करण्यास आपण सांगितलेलें नाहीं, आणि नको म्हणून ती ऐकणारही नाहीं.

मिताहार आणि व्यायाम यांचें महत्त्व यानें कमी होत नाहीं. कणगींत किती भरावयाचें हें पुष्कळसें आपल्या हातीं आहेच. पण कणग्या किती आणि कशा, हें प्रत्येकाच्या घरीं सारखें नसतें, आणि तें केवळ त्यानें काय खाल्लें यावरून ठरत नाहीं. पुढच्या वेळीं कोणाच्या अंगाकडे पाहून ‘खाल्लेलें अंगीं लागलें’ असें म्हणण्यापूर्वीं मांजराच्या रक्तजलांतल्या त्या पेशी आठवाव्या. त्यांच्यापुढें अन्न होतें, तरी त्या मेदपेशी झाल्या नाहींत. कारण तसा निरोप त्यांना आलाच नव्हता.